संशयाची नोकरी

माझ्या नोकरीत मी सगळ्यात आधी शिकले ते वास घ्यायला. माणूस ओपीडीच्या दारातून आत आला की "या, बसा" म्हणत एक पाऊल पुढे व्हायचं आणि त्याच्या श्वासाच्या टप्प्यात उभं राहायचं. बडीशेप, लवंग, पेपरमिंट किंवा भर दुपारी नुकतीच लावलेली टूथपेस्ट, यातलं काहीही नाकाला लागलं की समजायचं, खाली काहीतरी झाकलेलं आहे. त्यानंतर शिकले जिभेखाली बघायला. "गोळी घेतली ना?" असं विचारण्यात अर्थ नसतो. "आ करा, जीभ वर" असंच म्हणायचं. जिभेखाली, गालात, कधी वरच्या हिरडीला चिकटवलेली गोळी सापडते आणि समोरचा माणूस आपल्याकडे अशा रागाने बघतो, जणू आपणच ती तिथे ठेवली.

पालघरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मानसोपचार विभागाची सिस्टर म्हणून माझी बहुतेक नोकरी झाली. आमची वाडी किनाऱ्याकडची, चिकू आणि पानवेलींची. घरच्यांना वाटलं होतं, मुलगी नर्स झाली म्हणजे इंजेक्शनं देईल, बाळंतपणं करील. दिवसभर लोकांवर संशय घेण्याचा पगार मिळतो, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. नवऱ्याला मात्र ते आपसूक कळलं. एकदा तो मित्राकडच्या लग्नातून घरी आला आणि मी दार उघडून सवयीने पुढे झाले, तर म्हणाला, "हॉस्पिटल सुटलं ना? घरात तरी माणसाकडे माणसासारखं बघ."

बाहेरच्यांना आमचं काम नीट कळत नाही, म्हणून थोडं सांगते. दारू न सुटणं हा एक आजार. कानात आवाज येणं, कुणी पाठलाग करतंय असं वाटणं, मन आठवडेच्या आठवडे खोल जाणं, हे दुसरे आजार. काही जणांच्या वाट्याला दोन्ही येतात. मनाचा त्रास दाबायला ते पितात आणि प्यायल्याने मनाचा त्रास वाढतो. अशा माणसाला कुणी आपला म्हणत नाही. मनोरुग्णांच्या वॉर्डात तो बेवडा असतो आणि व्यसनमुक्ती केंद्रात येडा.

दारू सोडणाऱ्यांच्या ज्या बैठका गावोगाव चालतात, त्या बारा पायऱ्यांवर चालतात. दारूपुढे आपलं काही चालत नाही हे आधी कबूल करायचं. मग आपल्याहून मोठ्या अशा कशावर तरी भार टाकायचा, आपली कर्मं दुसऱ्या माणसासमोर मोठ्याने बोलायची, ज्यांना दुखावलं त्यांचं जमेल तेवढं भरून द्यायचं आणि शेवटी आपल्यासारख्याच दुसऱ्याचा हात धरायचा. तिथे डॉक्टर नसतो, फी नसते, फक्त एकमेकांचं ऐकायचं असतं. या बैठकांतून उठून उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण आमच्या दुहेरी आजारवाल्यांचं तिथे एका गोष्टीवर अडायचं, ते म्हणजे गोळीवर.

बोईसरच्या एका कारखान्यात वेल्डिंग करणारा बिहारचा एक माणूस आमच्याकडे औषधाला होता. तो अशा एका बैठकीला जाऊ लागला आणि त्याची दारू सुटली. मग तिथल्या एका भल्या माणसाने त्याला प्रेमाने सांगितलं, "गोली भी नशा ही है भाई. एक छोड़ा, दूसरा पकड़ लिया." त्याला ते पटलं. गोळ्या बंद केल्यावर थोड्याच दिवसांत तो बोईसर स्टेशनच्या पुलावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगायला लागला की, या सगळ्या गाड्या मीच चालवतो, मी खाली उतरलो तर एकही हलणार नाही. पोलिसांनी त्याला आमच्याकडे आणलं. थोडा बरा झाल्यावर त्याचा भाऊ त्याला गावी घेऊन गेला. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. मी दोनदा फोन केला, तो नंबर दुसऱ्याच कुणाचा झाला होता.

त्यानंतर आम्ही अशा दुहेरी आजारवाल्यांची वेगळी बैठक सुरू केली. बोईसरला एका शिकवणीच्या क्लासची खोली रविवारी दुपारी मोकळी असायची. इथला नियम असा की गोळी घेणं म्हणजे नशा नाही, आणि गोळी गुपचूप बंद करणं म्हणजे पिण्याइतकंच. खोलीच्या मालकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, ही माणसं नक्की कसली?" मी म्हटलं, "आजारी आहेत, बरी होताहेत." त्याने मान हलवली आणि दर रविवारी भिंतीवरचं घड्याळ काढून घरी न्यायला लागला.

बैठक चालवायचे शिंदेकाका. कोल्हापूरकडचे, एमआयडीसीत फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं मन कधी आभाळात जायचं, कधी पाताळात, आणि दोन्हीकडे बाटली बरोबर असायची. आता वर्षानुवर्षं ते ताळ्यावर होते. नव्या माणसाचं बोट धरणारा एक जुना माणूस असतो, त्याला आमच्यात स्पॉन्सर म्हणतात. काका अर्ध्या बैठकीचे स्पॉन्सर होते. मी दाराजवळ बसायचे. मी त्यांच्यातली नव्हते, त्यामुळे बोलायचा हक्क नव्हता. फक्त बघायचं, आणि येणाऱ्याचा वास घ्यायचा.

या बैठकीत हरेश आला. खरं नाव वेगळं आहे. हे लिहिण्याआधी मी त्याला आणि त्याच्या बायकोला विचारलं. तो म्हणाला, "लिवा, पण गाव खरं ठेवा. नाय तर लोकांना वाटंल बनवलेलं हाय."

तर हरेश नवापूरचा, बोईसरजवळच्या समुद्रकाठच्या गावचा. वडिलांबरोबर होडीवर जायचा. मासळी कमी झाली तेव्हा तारापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या पॅकिंगमध्ये लागला. बायको रंजना बोईसरच्या बाजारात मासळी विकते. एक मुलगी आहे. हरेशची दारू होडीवरच सुरू झाली होती आणि आजार त्यानंतर आला. मोबाइलच्या टॉवरवरून कुणीतरी आपल्याला बघतं, आपण काय बोलतो ते टिपून घेतं, असं त्याला वाटायचं. आमच्याकडे येण्याआधी एकदा तो खूप प्यायला आणि "ते येतायत" म्हणून रंजनाला आणि मुलीला घरात कोंडून, हातात कोयता घेऊन दिवसभर दाराशी बसून राहिला. त्याने दोघींना बोटही लावलं नाही. तो त्यांना वाचवत होता. पण कोयता आतल्या बाजूला होता, आणि त्या दोघीही आतच होत्या.

तारापूर-बोईसर भागात संशयाचा आजार ओळखणं तसं कठीण काम आहे. संध्याकाळी वारा फिरला की कसला तरी उग्र वास गावभर पसरतो आणि तो कुठून येतो ते कुणी सांगत नाही. नाल्याचं पाणी रंग बदलतं. बाजारात गिऱ्हाईक मासा उचलून आधी हुंगतं आणि विचारतं, "कुठला हाय?" उद्या एखादा पेशंट म्हणाला की, हवेतून आमच्यावर काहीतरी सोडतात, तर मी त्याच्या पुढे काय लिहायचं? टॉवरचं प्रकरण त्यामानाने सोपं होतं.

हरेश हुशार होता. दुसऱ्या पायरीशी, म्हणजे आपल्याहून मोठी शक्ती मानायची वेळ आली, तेव्हा तो काकांना म्हणाला, "काका, वर कोणतरी बसलाय आणि तो आपल्याला बघतो, असं तुमी म्हणता. तेच तर माजं दुखणं हाय. तेच्यासाठी डॉक्टर गोळी देतो." सगळे हसले. शेवटी त्याने समुद्राला मोठी शक्ती मानलं. म्हणाला, "तो मोठा हाय आणि तो कोणाकडं बघत नाय."

दोन पावसाळे तो प्यायला नाही. गोळ्या नियमित चालू होत्या, कामावर खाडे नव्हते. देशमुख डॉक्टर, आमचे मानसोपचारतज्ज्ञ, खूश होते. मीही होते, पण मनातल्या मनात. आमच्या कामात खुशी बोलून दाखवली की माणूस पुढच्याच आठवड्यात पिऊन येतो, असा माझा आपला अनुभव.

गणपती होऊन गेले असतील. एका रविवारी हरेशची बोलायची पाळी आली. तो नेहमीसारखा उभा राहिला. "माजं नाव हरेश, मी दारुडा हाय आणि मना संशयाचा आजार हाय." मग थांबला. "माज्या चहात कोणतरी काहीतरी घालतं," तो म्हणाला. "चव येते. गंजलेल्या खिळ्यासारखी. दिवसभर तोंडातून जात नाय."

 या आजाराची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते, आधी चहा, मग जेवण, मग पाणी. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे. बैठक संपल्यावर मी विचारलं, "चहा कुठला? घरचा की कंपनीतला?"

"घरचा, कंपनीतला, इथला. चव सगळीकडं हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "इथं चहा काका करतात ना?"

संशय स्पॉन्सरवर आला म्हणजे प्रकरण पुढे गेलं. मी संध्याकाळी रंजनाला फोन लावला. गोळ्या घेतो का? "घेतो." चुकवतो का? "नाय चुकवत." पितो का? "नाय, नाय पीत." घरात काही वेगळं झालं का? "काय नाय झालं, सिस्टर. सगळं बरोबर हाय."

तिची उत्तरं माझा प्रश्न संपायच्या आत येत होती. हे मला खटकलं. पण मी त्याचा अर्थ भलताच लावला. मला वाटलं, हा परत प्यायला लागलाय आणि ती झाकतेय. घरचे झाकतात, रोजचंच आहे. देशमुख डॉक्टरांना मी तसं सांगितलं. त्यांनी हरेशला तपासलं, बोलतं केलं आणि रात्रीच्या गोळीचा डोस वाढवला.  चिठ्ठी घडी करून खिशात ठेवताना हरेश एवढंच म्हणाला, "चवीचं कोणी विचारलं नाय."

त्यानंतर तो झपाट्याने बिघडत गेला. डोळ्यांखाली काळं आलं. कंपनीतल्या एका सोबत्याशी डबा उघडला म्हणून भांडला. टॉवर परत बोलण्यात आला. वाढवलेल्या गोळीने त्याची जीभ जड झाली होती, आणि त्या जड जिभेने तो तेच तेच सांगायचा. मी दर रविवारी त्याच्या जवळून जायचे, दारूशिवाय दुसरा वास शोधत नसायचे. दारूचा वास नव्हता. मला त्याचाही संशय यायचा, की हा कुठली तरी वास न येणारी पीत असेल.

मग तो रविवार आला. हरेशला सर्दी-खोकला झाला होता. बैठक सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. काका बोलत होते. एकदम हरेशचा चेहरा लालभडक झाला, मान, कानसुद्धा. तो उठला, छातीवर हात ठेवला, दोन पावलं टाकली आणि दाराशी, माझ्या पायाजवळ, ओकला.

"पिऊन आलाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"पिऊन आलास व्हय रे?" काकांचा आवाज रागाने नव्हे, दुःखाने चढला होता. "दोन वरसं... आरं, सांगायचंस तरी!"

"नाय प्यालो," हरेश म्हणाला. तो जमिनीवर बसला होता, घामाने भिजला होता. "काका, आईशपथ नाय प्यालो."

मी खाली बसले आणि त्याच्या तोंडाशी नाक नेलं. दारू नव्हती. होता तो शिजलेल्या लसणीसारखा, गंजकट वास. तो वास मला माहीत होता. पण तो मला व्यसनमुक्ती केंद्रातला माहीत होता, आणि तिथे हरेश कधी गेलाच नव्हता.

दारू सोडवण्यासाठी एक गोळी असते. ती अंगात असताना दारूचा थेंब पोटात गेला तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. म्हणून ती माणसाला सगळं समजावून, तपासण्या करून, त्याची संमती असेल तरच देतात. ती घेणाऱ्याच्या श्वासाला तो वास येतो. आणि ज्याला संशयाचा आजार आहे त्याला देशमुख डॉक्टर ती कधीच देत नसत, कारण तिने संशय आणि भास वाढू शकतात.

"आज काय घेतलंस?" मी विचारलं.

"खोकल्याचं औषध. मेडिकलमधून. दोन चमचे."

काही खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असतं. मी काकांना म्हटलं, "रिक्षा बोलवा. हा प्यायलेला नाही. याला कुणीतरी ती गोळी पाजलीय."

बोईसरच्या दवाखान्यात त्याला सलाईन लावलं. रक्तदाब खूप उतरला होता. तो स्थिर झाल्यावर त्याला पालघरला आमच्याकडे आणलं. देशमुख डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, त्याच्या श्वासाचा वास घेतला आणि खुर्चीत बसून राहिले. "सिस्टर," ते म्हणाले, "कोण?"

काका? कंपनीतला सोबती? मी मनातल्या मनात प्रत्येकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. काकांनासुद्धा. त्यांचा चहा मी स्वतः दर रविवारी पीत होते, तरी. मग मला फोनवरची ती झटपट उत्तरं आठवली.

दुसऱ्या दिवशी मी नवापूरला गेले. रंजना नुकतीच बाजारातून आली होती, टोपली धूत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि टोपली तशीच पालथी घातली.

"तुमी येनार ते मना ठाऊक होतं," ती म्हणाली.

"कुठे आहे?" मी विचारलं. काय ते मी बोलले नाही.

ती आत गेली आणि तांदळाच्या डब्यामागून एक पुडी घेऊन आली. पांढरी पूड, वर नाव नाही, काही नाही. एका रिक्षाच्या मागे चिकटवलेली जाहिरात तिने वाचली होती. 'न सांगता दारू सोडवा.' त्या नंबरच्या माणसाने तिला पालघरच्या बाजारात बोलावून पुडी दिली आणि सांगितलं, सकाळच्या चहात चिमूटभर, आयुष्यभर. आम्ही नंतर तो नंबर लावला. बंद होता.

"पण रंजना, तो पीत नव्हता ना? दोन पावसाळे त्याने थेंब घेतला नाही."

"तुमाला वाटतं तो तुमच्या बैठकीनं नाय पीत," ती म्हणाली. "मना वाटतं तो हिच्यामुळं नाय पीत." तिने पुडीकडे बोट केलं. "मदी एकदा संपली होती तर मना रातभर झोप नाय, म्हणून गणपतीला नवी आणली ती चिमटीनं जास्तच घातली. तुमच्या पायऱ्या मी नाय बगितल्या, सिस्टर. मी कोयता बगितलाय."

 मी बैठकीत बसणारी बाई. त्या बंद दाराच्या आत मी नव्हते.

"तो सांगत होता, चहात कोणतरी काहीतरी घालतं," मी म्हटलं. "तू ऐकत होतीस."

"ऐकत होते." ती पदराने हात पुसत राहिली. "एकदा माज्याच तोंडाकडं बगून म्हणाला, रंजना, तू तरी सांग, मी येडा झालो का? मी म्हटलं, गोळी घे, झोप." मग ती रडायला लागली. "त्यानं मना इचारलं, सिस्टर. आणि मी त्याला येडा ठरवला."

आता पुढचा प्रश्न उभा राहिला, हरेशला सांगायचं की नाही. डॉक्टर नाही म्हणत होते.

"ज्याला वाटतं सगळं जग आपल्याविरुद्ध आहे, त्याला सांगायचं की, तुझी बायको तुझ्या चहात पूड घालत होती? त्यानंतर तो माझी एक तरी गोळी घेईल? आणि घरी गेल्यावर काय करील?"

"आणि नाही सांगितलं, आणि त्याला उद्या दुसरीकडून कळलं तर?" मी म्हटलं. "या बैठकीत आपण त्याला एकच गोष्ट शिकवतो, खरं बोल. तो खरं बोलला. आपण त्याचा डोस वाढवला."

 मला स्वतःलाही भीती वाटत होती, आणि रंजनाचा भरवसाही वाटत नव्हता. तिने एक पुडी दिली, घरात दुसरी नसेल कशावरून? शेवटी डॉक्टर म्हणाले, "माझ्यासमोर सांगू. मुलीला आजीकडे पाठवा. आणि तो कोयता शेजाऱ्यांकडे ठेवायला सांगा."

हरेशची तब्येत सुधारल्यावर एका सकाळी आम्ही त्याला डॉक्टरांच्या खोलीत बसवलं. मी काय बोलायचं ते मनात जुळवून आले होते. पण रंजना आत आली ती बसलीच नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "मी घालत होते. दारू सुटायची पूड. तुज्या चहात. तू खोटं नव्हता बोलत."

हरेशने तिच्याकडे बघितलंच नाही. तो डॉक्टरांकडे बघत होता. "डॉक्टर, तुमी गोळी वाढवली ना?"

"हो."

"मी खरं बोललो म्हणून वाढवली."

"हो," डॉक्टर म्हणाले. "मी चुकलो. आजपासून कमी करतोय."

हरेश हसला. ते हसणं मला आवडलं नाही. मग तो माझ्याकडे वळला, आणि ज्या प्रश्नाला मी घाबरत होते तोच त्याने विचारला.

"मग सिस्टर, टॉवरवरचे पण खरे काय?"

एक संशय खरा निघाला, तर बाकीच्यांचं काय? तो कसा ठरवणार? मी तरी कशी ठरवते? मी सांगितलं ते असं. "चहाचं आम्ही शोधलं. वास आला, रक्तदाब पडला, पुडी सापडली. टॉवरचं असं काही सापडलेलं नाही. सापडलं तर मी स्वतः येऊन तुला सांगेन."

"सांगाल?"

"आज सांगितलं ना?"

तो थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी लोकांकडे आयुष्यभर जशी बघत आले, तसा. मग म्हणाला, "जरा बाहेर जाऊन येतो," आणि उठला. आम्ही वाट बघत बसलो. तो आलाच नाही.

फोन बंद. घरी नाही, कंपनीत नाही. रंजना आणि तिचे भाऊ किनाऱ्याने शोधत फिरले, कारण समुद्राला तो मोठी शक्ती मानायचा आणि त्याचा आता आम्हाला भलताच अर्थ लागत होता. काका स्कूटर घेऊन बोईसरचे सगळे गुत्ते पालथे घालत होते. स्वतः इतकी वर्षं ज्या दारांपासून लांब राहिले, त्या दारांत जाऊन हा म्हातारा विचारत होता, "एक कोळ्याचा माणूस आलता का?" मला काकांचीही काळजी वाटायला लागली. आणि डॉक्टर मला एका शब्दाने काही बोलले नाहीत, ते सगळ्यात जड गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हरेशनेच काकांना फोन केला. तो मासवणला होता, कंपनीतल्या एका जुन्या मित्राच्या शेतावर. काका तसेच तिकडे गेले. परत आल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. मित्राने दारू पुढे ठेवली होती. हरेशने ग्लास हातात घेतला होता.

"मग म्हनला, अंगात अजून ती पूड आसंल तर मरीन. म्हून ठेवला," काका सांगत होते. "मला म्हनतोय, काका, भीतीनं वाचलो, तुमच्या पायऱ्यांनी न्हाई. म्या म्हनलं, भीतीनं का आसंना, वाचलास न्हवं?"

"आणि गोळ्या?"

"घेतल्यात की. खिशात हुत्या. म्हनला, गोळी मी माज्या हातानं पाकिटातनं फोडून घेतो. तिच्यात कोन काय घालनार?"

मी देशमुख डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "बघा, आपल्या औषधावर त्याचा विश्वास बसला तो वेष्टनामुळे." विनोद होता, पण आम्ही दोघंही हसलो नाही.

त्या पुडीत नेमकं काय होतं, ते आम्हाला शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. पण ती बंद झाल्यावर थोड्या आठवड्यांत हरेशच्या तोंडाची चव गेली, टॉवरही हळूहळू मागे सरला. डोस पूर्वीसारखा झाला. तो घरी मात्र गेला नाही. बहिणीकडे राहिला, स्वतःचं स्वतः रांधून खाल्लं. रंजना रोज सकाळी बहिणीच्या दारावरून बाजारात जायची आणि थांबायची नाही. मुलगी दोन्ही घरी ये-जा करायची. मी दोघांनाही भेटत होते आणि मला दोघांचंही खरं वाटत होतं. माझ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

दिवाळीनंतरचा एक रविवार. बैठक सुरू व्हायची होती. हरेश आला, आणि त्याच्या मागून रंजना. ती दाराशी, माझ्या शेजारी बसली. घरच्यांना कधीकधी बसू देतात, पण ते बोलत नाहीत. सगळ्यांच्या पाळ्या झाल्यावर काकांनी विचारलं, अजून कुणाला बोलायचंय? रंजना उभी राहिली. तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिने इतरांचं ऐकून उचललं होतं.

"माजं नाव रंजना," ती म्हणाली. "मी पीत नाय. मना पण संशयाचा आजार हाय. तो डॉक्टरच्या गोळीनं नाय जाणार. माणूस बरा होतो तेव्हा तो वाढतो. तो बरा दिसायचा तेव्हा मना जास्त भ्या वाटायचं." ती थोडी थांबली. "मी त्याला न इचारता पाजलं. तो इचारत होता तेव्हा खोटं बोलले. मना तेवढंच बोलायचं होतं."

नियमाप्रमाणे कुणी उत्तर द्यायचं नसतं. सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं, "थँक्यू, रंजना." ती गोंधळून खाली बसली.

बैठक संपली. माणसं बाहेर चपला शोधत होती. मी खोलीचं दार ओढून घेत होते, त्यामुळे मला ऐकू आलं. मी ऐकण्यासाठी थांबले नव्हते, असं म्हणणं माझ्या तोंडी शोभणार नाही.

"अजून संशय हाय?" हरेशने विचारलं.

"हाय," ती म्हणाली. "तुला?"

"मना पण हाय."

 कोपऱ्यावर रिक्षावाला नवापूर, नवापूर म्हणून ओरडत होता.

"चल," हरेश म्हणाला, "रिक्षा भरत आलीय."